कंबर दाखवायला अकोल्याला

बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि तसाच राहिलो. जानेवारीची सकाळ, अमरावतीच्या कोर्टाच्या पायऱ्या आणि समोर माझा पक्षकार. वकील आपल्या पाया पडतो आहे असं वाटून तो बिचारा दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "राहू द्या साहेब, आधी निकाल तर लागू द्या." बराच वेळ मी वर येत नाही हे पाहिल्यावर त्याने आणि एका शिपायाने मला काखेत हात घालून उचललं आणि रिक्षात आडवं टाकलं. काळा कोट, एका पायात नाडी सुटलेला बूट, अशा थाटात मी घरी पोचलो.

दुपारपर्यंत कळ कमरेतून डाव्या ढुंगणात उतरली, संध्याकाळी पोटरीत, आणि दुसऱ्या दिवशी पायाच्या करंगळीपर्यंत. बसलो तरी दुखे, उभा राहिलो तरी दुखे, शिंक आली तर डोळ्यांपुढे काजवे चमकत. गुडघ्याखाली उशी घेऊन छताकडे बघत पडलं तरच जरा बरं वाटे. अठ्ठावन्न वर्षांत मी छताकडे एवढं कधी पाहिलं नव्हतं. पंख्याच्या पात्यांवर बोटभर धूळ होती. बायकोला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "दिसली ना? आता बरे झाले की पुसा."

बायको वलगावच्या शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. रोज बसने जाते, बसने येते. त्या दिवसांत शाळा, घर, माझी लघवीची बाटली आणि मला भेटायला येणारी माणसं, हे सगळं तिच्या एकटीवर आलं. भेटायला येणाऱ्यांची तर रांग होती. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे पुण्य समजतात, आणि त्याला घाबरवून परत येणं हे त्याहून मोठं पुण्य. एकाच सोफ्यावर बसून, एकाच बशीतली बिस्किटं चहात बुडवत माझे दोन वकील मित्र बोलत होते.

"माझ्या साडूनं केलं ऑपरेशन. चालत गेला, अन् खाटेवर आला."

"माझ्या मामेभावानं नाही केलं. त्याचा पाय गेला."

मग दोघांनी एकमेकांकडे पाहून मान डोलावली, जणू दोघं एकच गोष्ट सांगत होते. कोर्टातला एक बेलिफ हिरवट तेलाची बाटली घेऊन आला. ते तेल लावलं की कंबर दुखायची थांबत नसे, पण वासामुळे पाहुणे लवकर उठत. शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या पेट्या उचलणाऱ्या मजुरांच्या पाठीवर उभं राहून त्यांना बरं करणारा एक माणूस आहे असंही कळलं. मी तिकडे गेलो नाही, याचं कारण शहाणपण नव्हे. मला जीपमध्ये बसता येत नव्हतं.

याच महिन्यात बायकोच्या हातून चहाचे तीन कप फुटले. "पाहुणे कमी करायचा हा उपाय चांगला आहे," असं मी पडल्या पडल्या म्हणायचो. वर्षभर तिच्या हातून काही ना काही पडतच होतं. हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत असे. सगळे हसत. तीही हसे.

पाचव्या आठवड्यात एमआरआय काढला आणि अमरावतीतल्या एका सर्जनकडे गेलो. तरुण, चकचकीत, घाईत असलेला माणूस. त्याने फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली, पेनाने एका काळ्या ठिपक्यावर टकटक केलं आणि म्हणाला, "शेवटच्या मणक्याखालची गादी सरकली आहे. नस दाबली जातेय. गुरुवारी जागा आहे. करून टाकू."

करून टाकू. जसं काही दळण टाकायचं होतं. सगळा कारभार चार मिनिटांत उरकला. मला हातसुद्धा लावला नाही. मी मात्र उत्साहाने मान हलवून आलो, आणि घरी गादीवर पाठ टेकल्यावर घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या साळ्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा, दर्यापूरहून फोन आला. तो शेती करतो आणि जगातल्या प्रत्येक विषयावर त्याच्याकडे बैलाचं उदाहरण असतं.

"भाऊजी, बैल घ्याचा म्हनलं तरी आपन चार मानसं घेऊन जातो. दात पाहतो, चालवून पाहतो. अन् तुमी सोताची पाठ एका मानसाच्या भरवशावर फाडून घेऊन राहिले?"

"अरे, पण डॉक्टर रागावला तर?"

"रागावू द्या ना. अकोल्याले एक डॉक्टरीन बाई हाय. आमच्या सरपंचाले तिनं ऑपरेशन नाही सांगतलं. थो आता ट्रॅक्टर चालवते."

मी कां-कूं करत होतो. दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे पहिल्याचा अपमान, असं मला खरंच वाटत होतं. बायको शाळेची तयारी करता करता म्हणाली, "तुमी आयुष्यभर अपिलं करून पोट भरलं. कोन्या जजले राग आला काय?"

मग गुरुवारची तारीख फोनवरून पुढे ढकलली. खोटं कारण सांगितलं. कुठलं ते आता लिहायला लाज वाटते, एवढंच सांगतो की त्यात एका जिवंत काकूला मी दोन दिवसांसाठी मारलं.

साळा त्याची गाडी घेऊन आला. मी मागच्या सीटवर आडवा, पाय दुमडून. बायको पुढे, मांडीवर माझी फाइल आणि एमआरआयचं भलंमोठं पाकीट. अकोल्यापर्यंतचा शंभरेक किलोमीटरचा रस्ता मी आयुष्यात शेकडो वेळा केला असेल, पण त्या दिवशी मला फक्त विजेच्या तारा आणि ट्रकवर लादलेल्या कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगांची टोकं दिसली. प्रत्येक गतिरोधकावर मी ओरडत होतो, आणि प्रत्येक वेळी साळा म्हणत होता, "आला होता भाऊजी, गेला." जणू मला ते कळलं नसावं.

दवाखान्यात पोचल्यावर स्वागताच्या टेबलावरच्या मुलीने चार पानी फॉर्म दिला. मी एका बाकावर लांब झालो होतो. त्यामुळे बाकीचे पेशंट उभे होते आणि माझ्याकडे मनापासून तिरस्काराने पाहत होते. फॉर्म बायकोने उभ्या उभ्या भरला. मी मात्र घरून एका कागदावर चौदा प्रश्न लिहून आणले होते. डॉक्टरची उलटतपासणी घ्यायचीच, असं ठरवूनच मी निघालो होतो.

डॉक्टरीणबाई साठीच्या असतील. बुटक्या, केस आखूड कापलेले, पायात घरातल्यासारख्या चपला. मी पाकीट पुढे केलं, ते त्यांनी न उघडता बाजूला ठेवलं.

"फोटो मंग पाहू. पन्नाशीच्या पुढच्या कोन्याही मानसाले त्या मशीनमधी घाला, काही ना काही सरकलेलं दिसतेच. आधी चाला."

मी चाललो. टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं. आडवं करून पाय वर उचलला, तेव्हा मी केलेला आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला असावा. हातोडीने गुडघे ठोकले, टाचणीने बोटं टोचली, अंगठा वर ओढायला सांगून स्वतः खाली दाबला.

"लघवी बरोबर होते? संडास लागल्याचं समजते? बसाच्या जागी बधिर लागते काय?"

साळ्यासमोर या प्रश्नांची उत्तरं देणं मला जड जात होतं. साळ्याला मात्र फार रस वाटत होता. तो खुर्ची पुढे ओढून बसला.

"पहिल्या डॉक्टरले काय सांगतलं होतं तुमी?" बाईंनी विचारलं.

"दुखतं म्हणून सांगितलं."

"शब्द सांगा."

 बायको म्हणाली, "मी सांगते. 'डॉक्टर, कापा, जाळा, काय वाट्टेल ते करा, पण ही कंबर मी घरी घेऊन जाणार नाही,' असं म्हणाले. दोनदा."

"मंग त्यानं तारीख देली तर त्याचं काय चुकलं?" बाई म्हणाल्या. मग फिल्म पाहिली, आणि मला सरळ सांगितलं. गादी सरकलेली आहे हे खरं, पण पायात ताकद पूर्ण आहे. अशा बऱ्याच कमरा दोन-तीन महिन्यांत आपल्या आपण निवतात. गोळ्या घ्यायच्या, थोडं थोडं चालायचं, खाट सोडायची. पाऊल लोंबायला लागलं, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर मात्र त्याच दिवशी, असेल त्या कपड्यांत यायचं. तीन महिन्यांनीही असंच दुखत राहिलं, तर ऑपरेशनचा विचार करू.

मी खिशातून चौदा प्रश्नांचा कागद काढला. पण बाई माझ्याकडे पाहतच नव्हत्या. त्यांच्या हातात तो चार पानी फॉर्म होता.

"हा कोनं भरला?"

"मी," बायको म्हणाली.

"काय करता तुमी?"

"शिक्षिका आहे. मराठी शिकवते."

"अन् अक्षर असं?"

माझी बायको चिडत नाही, पण अक्षरावरून कोणी बोललं तर तिला लागतं. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार वर्षानुवर्षं तिनेच लिहिलेला. ती म्हणाली, "पहिले चांगलं होतं. वर्षभरात बिघडलं. आजकाल पेनं चांगली येत नाहीत."

"साडी नेसता?"

मला वाटलं, बाईंना गप्पा मारायच्या आहेत. बायको म्हणाली, "दिवाळीपासून सोडली. ड्रेस घालते. निऱ्या... बसत नाहीत नीट. पिनही लावता येत नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. तिने मला बसच्या गर्दीत ड्रेस सोयीचा पडतो असं सांगितलं होतं, आणि मी त्यावरही एक विनोद केला होता. तो इथे सांगत नाही.

बाई उठल्या. बायकोला उभं केलं, मुठी भराभर उघडमीट करायला सांगितल्या. तिची बोटं उघडत होती, पण गारठलेल्या माणसासारखी, एकेक करून. बाईंनी तिचं मधलं बोट धरून नखाला टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. खुर्चीत बसवून गुडघ्यावर हातोडी मारली, तर पाय असा उडाला की साळ्याने खुर्ची मागे घेतली. मग पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. ती एका बाजूला कलली. बाईंनी तिला पडण्याआधी धरलं.

"अंधारात भिंत धरून चालता काय?"

"हो."

"हातातून वस्तू पडतात?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होतो.

मानेचा एमआरआय त्याच दुपारी काढला. ती आत होती, मशीन आतून कुणी पत्रे ठोकत असल्यासारखं खडखडत होतं, आणि मी बाहेरच्या बाकावर, पुन्हा एकदा इतरांची जागा अडवून, आडवा होतो. पाय दुखतच होता. पण पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला त्याच्याबद्दल कुणाला काही सांगावंसं वाटलं नाही. साळा दोनदा चहा घेऊन आला आणि दोन्ही वेळा स्वतःच प्यायला. बैलाचं उदाहरण त्याने त्या दुपारी एकदाही दिलं नाही.

संध्याकाळी बाईंनी फिल्म दाखवली. मानेत दोन ठिकाणी मज्जारज्जू चेपला गेला होता. मला वाटलं होतं तसा तो काळा ठिपका वगैरे नव्हता. पांढरी दोरी आणि तिला दोन ठिकाणी चिमटा काढल्यासारखं.

"कमरेतली नस दबली तर मानूस बोंबलते," बाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या. "हा मज्जारज्जू मुका असते. दुखत नाही, म्हनून कोनी दाखवत नाही. मंग हात जातात, मंग पाय. हे मात्र थांबाचं नाही. ऑपरेशन पाह्यजे, अन् दोन-तीन आठवड्यांत पाह्यजे."

"दहावीचे पेपर आहेत मार्चमध्ये," बायको म्हणाली.

"पेपर पोट्ट्याइचे हायेत. तुमी कायले बसता?"

परतताना पुन्हा तीच मांडणी. मी मागे आडवा, ती पुढे. फक्त आता मांडीवर दोन पाकिटं होती. मूर्तिजापूरला साळ्याने गाडी थांबवली. मी कसाबसा उठून दाराला टेकून उभा राहिलो. बायको चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून होती. एकाएकी म्हणाली, "मलेही दुसरं मत पायजे."

"काहून?" मी म्हणालो. "एवढी चांगली बाई. मला तर तिच्यावर पूर्ण भरवसा आहे."

"असणारच. तुमाले नाही म्हनली ना ती. तुमच्यासाठी शंभर किलोमीटर आलो. माह्यी मान रस्त्यावर पडली काय?"

साळा म्हणाला, "ताई बरोबर बोलून राहिली."

दुसरं मत घ्यायचं कुणाकडे? गावात मणक्याचा माझ्या ओळखीचा सर्जन एकच, आणि त्याला मी काकूच्या मरणाने चकवलं होतं. शिवाय भेटायला येणाऱ्या वकिलांना त्याच्या चार मिनिटांची गोष्ट मी इतकी रंगवून सांगितली होती, की बाररूममध्ये ती एव्हाना दोन मिनिटांवर आली होती. मी दुसरी नावं सुचवली. बायको म्हणाली, "त्याच्याकडेच. त्याची आपली ओळख तर आहे."

तर गेलो. मी भिंतीला टेकून, शक्य तितका अदृश्य होऊन उभा राहिलो. आणि त्या घाईच्या माणसाने माझ्या बायकोला अर्धा तास तपासलं. तीच टिचकी, तीच हातोडी, डोळे मिटून तेच उभं राहणं. वर एका सरळ रेषेत, एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवत चालायला लावलं. ती तिसऱ्या पावलाला डगमगली. फिल्म त्याने तपासून झाल्यावर पाहिली. अकोल्याच्या बाईंनी काय सांगितलं, हे आम्ही मुद्दाम आधी सांगितलं नव्हतं. त्याने तेच सांगितलं, त्याच क्रमाने. आणि न विचारता हेही सांगितलं की जे गेलं ते सगळं परत येईलच असं नाही. ऑपरेशन मुख्यतः पुढचं जाऊ नये म्हणून. हाताला फरक पडेल, किती ते सांगता येत नाही. गळ्याकडून जावं लागतं, त्यामुळे काही दिवस आवाज बसू शकतो. क्वचित जास्त दिवस.

"आवाज?" बायको म्हणाली. तोपर्यंत हात, पाय, मज्जारज्जू यांपैकी कशानेही ती हलली नव्हती. आता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी शिकवते हो डॉक्टर."

त्याने घड्याळाकडे न पाहता तिला सगळं परत एकदा समजावलं. मग माझ्याकडे वळला. "आणि तुमचं काय ठरलं?"

"थांबायला सांगितलंय."

"थांबा मग. तुम्ही शांतपणे विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं." मग फिल्म पाकिटात घालत म्हणाला, "काकूंचं वाईट वाटलं."

बायकोने ऑपरेशन त्याच्याचकडे करायचं ठरवलं. साळा रुसला. अकोल्याच्या बाईंना मी ओशाळून फोन केला, तर त्या म्हणाल्या, "पोरगा चांगला हाय. हात साफ हाय त्याचा. फक्त पेशंटला बोलू देत जा म्हना त्याले." हा निरोप मी अजून पोचवलेला नाही.

ऑपरेशन ठरलेल्या वेळेपेक्षा दीड तास जास्त चाललं. त्या दीड तासात मी ज्या देवांची आयुष्यभर टिंगल केली, त्यांतल्या बऱ्याच जणांशी बोललो. सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, म्हणजे एकाने ऐकलं नाही तर दुसरा आहे. ती बाहेर आली तेव्हा गळ्याला पट्टा होता आणि ओठ सुकलेले. मी वाकून "कशी आहेस?" विचारलं आणि वाकल्याबद्दल कमरेने मला जागच्या जागी शिक्षा केली. नर्सने आम्हा दोघांनाही धरलं.

आवाज बसलाच. तीन आठवडे तिला काही बोलायचं असलं की ती वहीत लिही, आणि ते अक्षर मला लागत नसे. ती लिही, मी चुकीचं वाचे, ती कपाळावर हात मारी, पुन्हा लिही. एकदा मी अर्धा तास घरभर कसलं तरी "वरण" शोधत होतो. तिला गळ्याच्या पट्ट्याचं आवरण हवं होतं, म्हणजे त्याच्या आतलं कापड. साळा भेटायला आला आणि आमची ही जोडी पाहून, एक वाकडा आणि एक मुकी, इतका हसला की त्याचा रुसवा गेला.

माझी कंबर नवव्या-दहाव्या आठवड्यात कधीतरी बरी झाली. नेमकी कधी, ते मला सांगता येत नाही, कारण त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. बायकोचा आवाज परत आला. चालणं सरळ झालं. बोटं पूर्वीसारखी नाहीत. बारीक कामाला अजून अडतात, थंडीत जास्त. सर्जनने तिला तेवढंच कबूल केलं होतं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

जूनमध्ये शाळा उघडल्यावर ती वलगावला गेली. पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून एका पोरीने विचारलं, "म्याडम, गळ्याले काय झालं?" गळ्यावर आडवा, बोटभर लांब व्रण आहे. बायको म्हणाली, "मागच्या वर्षीचे निबंध तपासत होती. एकाच्या शुद्धलेखनानं चक्क गळाच कापला."

वर्ग दोन दिवस शुद्धलेखन जपून करत होता म्हणे. तिसऱ्या दिवशी पूर्ववत.